मिक्स आहे म्हणजे टिकेल? आधी विचारा, किती मिक्स!

कापडाच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "घ्या बिनधास्त, मिक्स माल आहे, फाटायचा नाही." मिक्स म्हणजे कापूस आणि पॉलिस्टर. मिक्स म्हणजे मजबूत, हे आपल्या डोक्यात टेरीकॉटच्या जमान्यापासून घट्ट बसलंय. आमच्या वडिलांच्या पिढीत लग्नात टेरीकॉटची पँट मिळाली तर नवरदेव दहा वर्षं तीच मिरवायचा. ती टिकायचीही. त्यामुळे कुणी उलट प्रश्न विचारला नाही.

आता तो विचारायची वेळ आलीय. किती मिक्स?

मी टेक्स्टाइल इंजिनिअर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला साधा गावचा बातमीदार. पण इचलकरंजीत राहून सुताचं काही कळत नाही असं म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी माहीत नाही म्हणण्यासारखं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाचं पोट सुतावर आहे. आणि गेल्या काही वर्षांत खर्चीवाल्या मित्रांकडून एकच तक्रार इतक्या वेळा ऐकली, की शेवटी ती मुळापासून समजून घ्यायची ठरवली. तक्रार अशी की सूत 'पी.सी.' म्हणून आलंय, कोन चकचकीत आहेत, आणि माग मात्र दर थोड्या वेळानं उभा राहतोय. धागा तुटला, गाठ मारा. पुन्हा तुटला, पुन्हा गाठ. मजुरी पिकावर. माग उभा राहिला तेवढे पैसे गेले. वर कापडात दोष निघाला तर व्यापारी कट मारणार. आणि सूत कुणाचं? व्यापाऱ्याचंच. खर्चीवाल्यानं ते निवडलेलंही नसतं.

मग "मिक्स आहे तरी तुटतंय कसं?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो. उत्तर मिळालं आणि थोडं चक्रावलोच. कारण काही प्रमाणात मिक्स केल्यानं सूत मजबूत न होता उलट कमजोर होऊ शकतं.

होय. कापसापेक्षा जवळपास दुप्पट ताकदीचा तंतू मिसळूनही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. उसाची ट्रॉली चिखलात रुतलीय. ट्रॅक्टरला दोन दोर बांधले. एक काथ्याचा, ताणून बांधलेला. दुसरा नायलॉनचा, जास्त भक्कम, पण थोडा ढिला ठेवलेला. ट्रॅक्टरनं ओढ घेतली. भार कुणावर आला? ताणलेल्या काथ्यावर. नायलॉन ढिला, तो अजून कामालाच लागलेला नाही. काथ्या तुटला की सगळा भार हिसक्यासरशी नायलॉनवर येतो. नायलॉन जाड असेल तर ट्रॉली निघेल. बारीक असेल तर तोही तुटेल. म्हणजे दोन दोर असूनही दोघांची ताकद एका वेळी कामाला आलीच नाही.

सुतात हेच होतं. कापसाचा तंतू ओढला तर साधारण सात टक्के लांबतो आणि तुटतो. पॉलिस्टरचा तंतू पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त लांबतो, मग तुटतो. दोघांना एकत्र पिळून सूत केलं आणि ते ओढलं, तर सात टक्क्यांवर कापूस आपली पूर्ण ताकद लावून बसलेला असतो आणि पॉलिस्टरनं आपली निम्मीसुद्धा लावलेली नसते. कापूस गेला की उरलेला भार उरलेल्या पॉलिस्टरवर. ते किती आहे, यावर सगळा खेळ.

डब्ल्यू. जे. हॅम्बर्गर नावाच्या अभ्यासकानं १९४९ सालीच हे गणितानं मांडलं होतं. जगभरच्या टेक्स्टाइल कॉलेजात ते शिकवलं जातं. आपल्या बाजारपेठेत मात्र ते पोचलेलं नाही, किंवा पोचू दिलेलं नाही.

थोडं गणित करू, कंटाळू नका. समजण्यापुरते आकडे घेतो. कापसाच्या तंतूची ताकद २८ धरा, पॉलिस्टरची ५५. हे ग्रॅम प्रति टेक्स, टेक्स म्हणजे १००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. कापूस तुटण्याच्या क्षणी पॉलिस्टरनं उचललेला भार १८ धरा. आता २० टक्के पॉलिस्टर मिसळलं तर? ८० टक्के कापसाचे २२.४ आणि २० टक्के पॉलिस्टरचे ३.६, मिळून २६. शुद्ध कापूस २८ होता! ४० टक्के पॉलिस्टर घातलं तर १६.८ अधिक ७.२, म्हणजे २४. अजून खाली. निम्मं-निम्मं केलं तर कापूस तुटल्यावरही पॉलिस्टर एकटं २७.५ पर्यंत तग धरतं. म्हणजे अर्धं सूत पॉलिस्टर करूनही आपण जेमतेम जिथून निघालो तिथं पोचलो. आणि ६७ टक्के पॉलिस्टर केलं की एकदम ३७ च्या आसपास उडी.

६७:३३ हे प्रमाण बाजारात का रुळलं, त्यातला एक भाग इथं दिसतो.

प्रत्यक्ष सुतात हा खड्डा इतका खोल नसतो, हेही सांगायला पाहिजे. पीळ असतो. पिळामुळे तंतू एकमेकांना आवळून धरतात, तुटलेल्या कापसाचे तुकडेसुद्धा घर्षणानं थोडा भार उचलत राहतात. कापूस कुठला, नंबर कोणता, पीळ किती, यावर खड्डा कमी-जास्त होतो. पण दिशा तीच. थोडंसं पॉलिस्टर घालून सूत आपोआप मजबूत होतं, ही समजूत खोटी आहे. कापूस जास्त आणि पॉलिस्टर कमी अशा सुताला बाजारात सीव्हीसी म्हणतात. त्याचे फायदे आहेत. अंगाला बरं वाटतं, चुरगळत कमी. पण "पॉलिस्टर आहे म्हणून जास्त टिकेल" असं सांगून कुणी ते गळ्यात मारत असेल तर तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

आता सुताच्या पोटात काय चालतं ते बघा. इथं खरी गंमत आहे.

चाळीस नंबरचं सूत घ्या. आडवं कापलं तर एका छेदात साधारण शंभर तंतू सापडतील. फक्त शंभर. सूतगिरणीत ड्रॉफ्रेम नावाच्या मशिनवर कापसाचे आणि पॉलिस्टरचे पेळू शेजारी-शेजारी घालून ओढतात, पुन्हा एकत्र करतात, पुन्हा ओढतात. पी.सी. सुताला अशा साधारण तीन फेऱ्या देतात. एक फेरी वाचवली तर वीज वाचते, मजुरी वाचते, वेळ वाचतो. कोन बाहेरून तसाच दिसतो. पण आत कापूस एका बाजूला गोळा, पॉलिस्टर दुसऱ्या बाजूला गोळा.

तीन फेऱ्या प्रामाणिकपणे दिल्या, मिश्रण अगदी नशिबावर सोडल्यासारखं निर्मळ झालं, तरीसुद्धा शंभर तंतूंत ६७ पॉलिस्टर प्रत्येक ठिकाणी येणार नाहीत. संख्याशास्त्राचा नियम आहे, कुठं ५८ येतील, कुठं ७६. हे झालं उत्तम कामाचं. हलगर्जी झाली तर काय होत असेल विचार करा. आणि सूत सरासरीवर तुटत नाही. सर्वात कमजोर जागी तुटतं. साखळीचं जसं.

म्हणून लेबलवर ६७:३३ असणं वेगळं आणि मीटरा-मीटराला ते तसं असणं वेगळं. सरासरी सीएसपी चांगला आला म्हणून सूत चांगलं, असं म्हणणाऱ्याला विचारा, "चढउतार किती?" बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

दुसरी गोष्ट तर याहून भारी. सूत पिळताना लांब आणि बारीक तंतू आतल्या बाजूला सरकतात, आखूड आणि जाड तंतू बाहेर येतात. पी.सी. सुतासाठीचं पॉलिस्टर साधारण ३८ मिलिमीटर कापलेलं असतं, सगळे तंतू एकसारखे. आपला कापूस २८-३० मिलिमीटरचा, त्यातही आखूड तंतूंचा भरणा. मग पॉलिस्टर पोटात जातं आणि कापूस अंगावर येतो. म्हणजे तुम्ही दुकानात कापड चिमटीत धरून, अंगठ्यानं चोळून, "कॉटन वाटतंय" म्हणता ना? तुमचं बोट बरोबरच सांगतंय. फक्त ते सुताची कातडी सांगतंय, काळीज नाही.

धागा जाळून बघायचा घरगुती उपायही इथं अर्धाच उपयोगी. जळक्या कागदाचा वास आला, राख झाली तर कापूस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. मिक्समध्ये दोन्ही होतं. पण प्रमाण ४० की ६७, हे काडेपेटी सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. गंधकाम्लात ठरावीक तीव्रतेला कापूस विरघळतो, पॉलिस्टर उरतं, आधीचं वजन आणि नंतरचं वजन, झालं काम. (घरी कुणी हा उद्योग करू नका, हात जाईल.)

गोळ्यांबद्दलही बोलू. शाळेच्या शर्टाच्या कॉलरवर, पँटच्या मांड्यांवर तीन महिन्यांत बारीक गोळे येतात, बघितलेत ना? कापसाच्या कपड्यालाही गोळे येतात, पण कापसाचा तंतू कमजोर, गोळा घासून गळून पडतो. मिक्समध्ये पॉलिस्टरचा तंतू त्या गोळ्याला धरून ठेवतो. तंतूची ताकद इथं आपल्याच अंगावर उलटते.

मग कुणी म्हणेल, सोडा ते पॉलिस्टर, शुद्ध कापूस घ्या, शेतकरीही जगेल. मला हे म्हणणं भावतं, पटत नाही. रोज धुवायच्या, रोज घासायच्या कपड्याला, गॅरेजमधल्या पोराच्या ड्रेसला, घरात इस्त्री नसलेल्या माणसाला ६७:३३ खरंच उपयोगी आहे. लवकर वाळतं, कमी चुरगळतं, टिकतं. पॉलिस्टरला शिव्या घालणारे आपण बहुतेक जण स्वतः तेच घालून बसलेलो असतो. पण त्याची किंमतही माहीत पाहिजे. हवेतल्या ओलाव्याच्या हिशेबात कापूस साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात बसलेल्या पोराच्या पाठीवर हा फरक घामोळ्यांच्या रूपानं दिसतो. म्हणजे प्रमाण हा निर्णय आहे, आणि निर्णय माहितीवर व्हायला पाहिजे.

व्हिस्कोसचं एका वाक्यात सांगतो, कारण हल्ली 'कॉटन' म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांत ते फार घुसलंय. कापूस ओला झाला की त्याची ताकद थोडी वाढते, व्हिस्कोसची जवळपास निम्मी होते. म्हणून ती साडी घडीत छान राहते आणि धुण्याच्या दगडावर जीव सोडते.

आणखी एक मिश्रण आहे जे कुणीच मागितलेलं नाही. कापूस वेचून खताच्या प्लास्टिक गोणीत भरला जातो, नायलॉनच्या सुतळीनं बांधला जातो. त्या गोणीचे धागे कापसात, कापसातून सुतात. तिथं सूत तुटतं किंवा तो धागा रंगच धरत नाही, पांढरी रेघ कापडभर. भारतीय कापसाची ही बदनामी जुनी आहे. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण कापडी पिशवी आणि प्लास्टिक गोणी यांच्यातला फरक भावात दिसणार नसेल तर तो कापडी पिशवीवर खर्च कशाला करील? आपण पण केला नसता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं माहीत कुणाला पाहिजे आणि सांगायचं कुणी?

कायदा काय म्हणतो? १९८८ चे टेक्स्टाइल ग्राहक संरक्षण नियम आहेत. मिश्र कापडावर कुठला तंतू किती टक्के हे छापायचं, असं त्यात आहे. वस्त्रोद्योग आयुक्तांचं कार्यालय मुंबईत आहे, परदेशात नाही. तरीही आमच्या भागातल्या दुकानांत गणवेशाच्या ताग्याची किनार उलटून बघा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात, 'सुपर', 'डिलक्स', 'पी.सी.' असं काहीबाही. टक्केवारी शोधावी लागते, आणि बऱ्याच ताग्यांवर सापडत नाही.

करानंही मध्ये घोळ घातला होता. कापसाच्या सुतावर जीएसटी ५ टक्के आणि कृत्रिम सुतावर १२ टक्के, अशी व्यवस्था बरीच वर्षं होती. मिश्र सुतात वजनानं जो तंतू जास्त, त्याच्या खात्यात सूत जायचं. म्हणजे करासाठी रेघ पन्नास टक्क्यांवर. आणि ताकदीच्या हिशेबात पन्नासच्या अलीकडचा टापूच सर्वात लंगडा! २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सूतही ५ टक्क्यांवर आलं, हे चांगलं झालं. निदान आता प्रमाण ठरवताना कराचं कारण पुढं करता येणार नाही.

खर्चीवाल्याचं दुखणं मात्र तसंच. सायझिंगला बीम जातं तेव्हा खळ कुठली द्यायची हे मिश्रणावर ठरतं. कापसाला स्टार्चची खळ धरते, पॉलिस्टरला ती नीट चिकटत नाही, त्याला पीव्हीएसारखं काहीतरी लागतं. सायझिंगवाल्याला प्रमाण चुकीचं सांगितलं की खळ चुकली. खळ चुकली की तुटाट वाढली. तुटाट वाढली की शेवटी शिव्या कुणाला? मागावर उभ्या कामगाराला. साखळीतल्या ज्या माणसाकडं सर्वात कमी माहिती, त्याच्याच खिशातून नुकसान वसूल होतं. मला यातली हीच गोष्ट सर्वात जास्त खटकते.

माझं म्हणणं साधं आहे. व्यापारी खर्चीवाल्याला सूत देतो तेव्हा चलनावर नंबरासोबत मिश्रणाचं प्रमाण आणि लॉट नंबर लिहिलेला असावा. लॉट बदलला तर ते सांगावं. आणि सुताचा दोष प्रयोगशाळेत सिद्ध झाला तर कापडाचा कट खर्चीवाल्याला लागू नये. संघटना मजुरीवाढीसाठी मोर्चे काढतात, ते काढायलाच पाहिजेत. पण पिकामागं काही पैसे वाढवून मिळाले आणि माग दिवसाला तासभर जास्त उभा राहिला तर हातात काय आलं? चलनावरची एक ओळ मागायला मोर्चासुद्धा लागत नाही. सूत तपासायची सोय पॉवरलूम सर्व्हिस सेंटरमध्ये असते, आमच्या गावात १९८२ पासून डीकेटीईसारखं टेक्स्टाइल कॉलेज आहे. बीम बांधायच्या आधी दोन कोन तपासून घेण्याचा खर्च, एक बीम वाया जाण्यापुढं काहीच नाही.

आणि शाळांचे गणवेश. समग्र शिक्षा अभियानात मुलामागं वर्षाला ६०० रुपये, त्यात दोन जोड. म्हणजे कापड, शिलाई, बटणं, सगळं ३०० रुपयांत एक. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' हा प्रयोग झाला, मग खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं आली. बरं झालं. पण समिती ऑर्डर देताना लिहिते काय? "आकाशी शर्ट, नेव्ही ब्लू पँट, चांगल्या प्रतीचे." चांगल्या प्रतीचे म्हणजे काय हो? ज्याला टिकाऊ पाहिजे त्यानं ६७:३३ लिहावं, ज्याला उन्हाळ्याची काळजी आहे त्यानं जास्त कापसाचं लिहावं आणि ते तेवढंच टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. सोबत सुताचा नंबर, कापडाचं दर मीटर वजन, आणि ताग्यातला एक तुकडा समितीच्या कपाटात सीलबंद. पुढं भांडण झालं तर तो तुकडा बोलेल. समितीत पालकच बहुसंख्य असतात, आणि आमच्याकडं त्यातले निम्मे सुताच्या धंद्यातले. त्यांनी कापडाची ऑर्डर अशी आंधळी द्यावी, याचं नवल वाटतं.

तालुक्यातल्या शाळा समित्यांनी यंदा दिलेल्या गणवेशाच्या ऑर्डरींच्या प्रती मी माहिती अधिकारात मागतोय. किती ऑर्डरींवर टक्केवारी लिहिलेली सापडते, ते प्रती हातात आल्या की इथंच टाकतो. तोवर ज्यांच्या घरी माग आहे त्यांनी आत्ता चालू असलेल्या कोनाच्या लेबलचा फोटो पाठवा. गिरणीचं नाव झाकलं तरी चालेल, प्रमाणाची जागा तेवढी स्पष्ट दिसू द्या. रिकामी असेल तर रिकामीच पाठवा.